नववा तंतू

शुक्रवारी सकाळी मधु चौबळने चहाचा कप बाजूला सारून फोटो स्टुडिओचं खाकी पाकीट उघडलं आणि आतले बारा जंतू त्याच्याकडे टक लावून बघायला लागले.

खरोखरच बघायला लागले. प्रत्येकाला दोन टपोरे डोळे होते, डोळ्यांत काळीभोर बुबुळं होती आणि बुबुळांत उजेडाचा एकेक पांढरा ठिपका होता. बाराही जण प्रसन्न दिसत होते. स्टुडिओत निगेटिव्ह टाकली तेव्हा त्यांच्यापैकी एकालाही डोळे नव्हते.

"अरे वा, हसतायत की," मधुचे वडील भाऊ चष्मा पुसत म्हणाले. "माझेच ना रे हे?"

"तुमचेच, भाऊ," मधु कसाबसा म्हणाला.

"वाटलंच. जिवणी अगदी आपल्या घराण्याची आहे."

जिवणीचं सोडा, पण मालकी हक्काचं भाऊंचं म्हणणं खरं होतं. सहा महिन्यांपूर्वी, म्हणजे शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात, भाऊंनी एका गाडीवर उसाच्या रसाचे दोन ग्लास लागोपाठ प्यायले होते आणि त्यानंतरचे तीन आठवडे बहुतांशी एकाच खोलीत काढले होते. तपासणीत जिआर्डिया नावाचा परजीवी निघाला. कुणाच्या वडिलांच्या पोटात असं काही निघालं तर मुलगा काळजीत पडतो. मधुला इतका आनंद झाला की डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या त्याने चार दिवस खिशातच ठेवल्या. सून प्रमोदिनी त्यावरून आठ दिवस नवऱ्याशी बोलली नव्हती.

आनंदाला कारण होतं. ठाण्यात खोपटला एस.टी. डेपोच्या मागे एका बंगल्याच्या तळमजल्यावर एक छोटंसं परजीवी संशोधन केंद्र होतं आणि मधु तिथे नोकरीला होता. केंद्रात माणसं तीन. संचालक डॉ. निगुडकर, साहाय्यक मधु, आणि झाडलोट करणाऱ्या जनाबाई, ज्या तिथलं काम आटोपून चौबळांकडे धुण्याभांड्याला येत. डॉ. निगुडकर अठ्ठावन्न वर्षांचे होते, तरी त्यांच्या डोक्यावर औषधालाही पांढरा केस नव्हता. मधुला तिसाव्या वर्षीच टक्कल पडलं होतं, त्यामुळे सरांच्या त्या घनदाट काळ्या केसांबद्दल त्याला अपार आदर होता. सर कधी पंख्याखाली बसत नसत. सर्दी होते म्हणत.

जिआर्डिया दिसतो पेरूच्या फोडीसारखा. समोर काळोखे दोन गोल, त्याखाली हसऱ्या तोंडासारखी एक छोटी पट्टी, आणि पेशीच्या आतून निघून बाहेर लोंबणाऱ्या आठ शेपट्या. या शेपट्यांचे आणि त्या पट्टीचे प्रथिनांचे बारीक तंतू फोटोत पकडायचे, हे केंद्राचं काम. त्यासाठी परदेशातून एक औषध येई. ते फक्त त्या तंतूंनाच चिकटे आणि विशिष्ट प्रकाशात चमके. तंतू काळ्या पार्श्वभूमीवर चांदीच्या तारांसारखे उजळत, पण दोन मिनिटांत चमक विझून जाई. तेवढ्यात फोटो निघाला तर निघाला.

याच फोटोंत डॉ. निगुडकरांना दोन वर्षांपूर्वी आठाऐवजी नऊ तंतू दिसले होते. नववा तंतू पेशीतून तिरपा जात होता आणि जगात तो दुसऱ्या कुणालाही दिसला नव्हता. सरांनी त्याला 'निगुडकर तंतू' असं नाव देऊन टाकलं. बातमी स्कॉटलंडला पोचली आणि तिथले प्रोफेसर डंकन स्वतः तो बघायला उद्या, शनिवारी अकरा वाजता, खोपटला येणार होते.

"उद्या त्यांनी मान डोलावली की तुमची ऑर्डर मी काढलीच समजा," सर मधुला म्हणाले होते. मधु अकरा वर्षं हंगामी होता. दर सहा महिन्यांनी त्याला सहा महिन्यांचं पत्र मिळे. प्रमोदिनीने घरात फ्रिज, पलंग आणि दुसरं मूल या तिन्ही गोष्टी त्या ऑर्डरीवर टांगून ठेवल्या होत्या.

"आणि शेपट्या कुठे गेल्या हो?" प्रमोदिनीने फोटो खिडकीपाशी नेला. "तुम्ही ज्या तारा तारा म्हणता, त्या दिसत नाहीत."

मधुने बाराही फोटो टेबलावर पसरले. तारा नव्हत्या. आठही नव्हत्या आणि नववाही नव्हता. सगळ्यांचं अंग कसं दाढी करून आल्यासारखं गुळगुळीत होतं.

"परत काढ फोटो," भाऊ म्हणाले.

"कशाचे काढू? औषधाची बाटली संपली. काचेवरचे जंतू विझले. आणि तुम्ही बरे झालात."

 भाऊ उठून खुंटीवरची पिशवी घेत म्हणाले, "तो रसवाला अजून तिथेच उभा असतो."

"भाऊ, खाली बसा," प्रमोदिनी म्हणाली.

"अगं, विज्ञानासाठी दोन ग्लास..."

"बसा म्हणते ना."

भाऊ बसले. मधुने पाकीट उचलून शबनम पिशवीत टाकलं, पिशवी खांद्याला अडकवली, पायांत मिळेल त्या चपला सरकवल्या आणि तो खोपटच्या दिशेने सुटला.

केंद्राचे फोटो एरवी केंद्राच्याच अंधाऱ्या खोलीत, तिथल्या जुन्या यंत्रावर मोठे करत. पण ऐन पाहुण्यांच्या तोंडावर त्या यंत्राचा बल्ब उडाला. तो बल्ब अख्ख्या ठाण्यात मिळेना, म्हणून मधुने निगेटिव्ह डेपोसमोरच्या 'चंद्रिका फोटो स्टुडिओ'त दिल्या होत्या. देताना त्याने मालक मोरूशेठना बजावलं होतं, "एकदम स्वच्छ पाहिजेत. शनिवारी बाहेरचे पाहुणे यायचेत." दुकानात या वाक्याचा जो अर्थ चाळीस वर्षं घेतला जात होता, तोच या वेळीही घेतला गेला.

स्टुडिओत मोरूशेठ नव्हते. आतल्या बाजूला, खिडकीशी तिरप्या फळीसमोर, विश्राम भोईर बसले होते. बाळकुमच्या कोळीवाड्यातला हा माणूस पासष्टीचा होता. बापजाद्यांची जाळी सोडून पंचविशीत स्टुडिओत शिरला आणि रिटचिंग शिकला. बारीक ब्रश आणि काळी शाई घेऊन फोटोंवरचे डाग, चट्टे, सुरकुत्या घालवणं हे त्यांचं काम. ठाण्यातल्या निम्म्या सुनांचं पहिलं रूप विश्रामच्या हातचं, असं म्हणत.

"विश्रामदादा, हे तुम्ही केलंत?" मधुने फोटो त्यांच्यापुढे टाकले.

विश्रामनी मान वर करून समाधानाने फोटोंकडे पाहिलं. "झ्याक झालंत ना? तीन दिस बसलो व्हतो. लय घान व्हता काम. समद्या तोंडावर पांढरे ओरखडे. येकेक भरून काढला."

"ते ओरखडे नव्हते हो. तेच तर आमचं संशोधन होतं."

"ओरखडे?"

"हो."

विश्रामनी ब्रश खाली ठेवला. "आनि डोले? डोले मिटलेले व्हते. मयताचा फोटो आला का आमी डोले उघरून देतो. बाराव्याला हार घालताना मानसाला बरा वाटते." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मी बोललो, येकाच घरची बारा मानसा गेलीत. कसा पैसा सांगनार डोल्यांचा? फुकट करून दिले."

मधु जवळच्या स्टुलावर बसला. ते बाळाचे फोटो काढायचं स्टूल होतं, गोल फिरणारं, त्यामुळे तो बसला तो भिंतीकडे तोंड करून. तसाच तो सगळं बोलला. उद्या अकरा, स्कॉटलंड, नववा तंतू, अकरा वर्षं, फ्रिज.

विश्रामनी सगळं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "मास्तर, इकरं फिरा. मी फोटोवर शाई लावलीय, निगेटिव्हला हात नाय लावला. निगेटिव्हवरना परत फोटो काढू. सांजच्याला घेऊन जा."

मधुला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. "मग काढा ना. कुठे आहेत निगेटिव्ह?"

"शेठच्या पिशवीत."

"आणि शेठ?"

"कल्यानला. लग्नाची आर्डर हाय."

मोरूशेठ निगेटिव्ह दुकानात ठेवत नसत. एकदा गिऱ्हाइकाच्या हाती निगेटिव्ह लागली की ते दुसरीकडून कॉप्या काढून घेतं, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून चालू कामाच्या सगळ्या निगेटिव्ह ते खांद्यावरच्या चामडी पिशवीत घालून, जातील तिथे नेत. आंघोळीला जातानाही ती पिशवी न्हाणीघराच्या दाराला टांगलेली असे. विश्रामनी दुकानाला कुलूप लावलं, दोघे समोरच्या डेपोत शिरले आणि कल्याणची एस.टी. धरली.

लग्न बाजारपेठेतल्या एका हॉलमध्ये होतं. मंगलाष्टकं संपून आता आहेर आणि फोटो चालू होते. मोरूशेठ एका खुर्चीवर उभे राहून शंभरेक माणसांना आत सरका, बाहेर सरका करत होते. पिशवी खांद्यावरच होती.

"मोरूशेठ, निगेटिव्ह," मधुने खालून त्यांचा पायजमा ओढला.

"चौबळसाहेब, हलवू नका, पडेन मी. दहा मिनिटं थांबा."

"दहा मिनिटं नाहीत हो. पिशवी नुसती खाली द्या. आम्ही शोधून घेतो."

"पिशवी मी बापालासुद्धा देत नाय. काय टेन्शन घेता? जेवून घ्या तोवर." मोरूशेठनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "नवऱ्याकडची बाजू भरली, नवरीची मोकळी दिसते. एक माणूस कमी पडतोय. चौबळसाहेब, जरा उभे राहा बघू तिथे. तेवढा एक क्लिक झाला की पिशवी उघडतो."

मधुला घाईत काही सुचेना. तो नवरीशेजारी जाऊन उभा राहिला. नवरीकडच्यांना वाटलं हा नवऱ्याकडचा, नवऱ्याकडच्यांना वाटलं हा नवरीचा कुणी थोरला, तेव्हा कुणीतरी त्याच्या हातात नारळ दिला. मग नवऱ्यामुलाने वाकून त्याला नमस्कार केला. मागोमाग नवरीनेही केला आणि ती रडायला लागली, ते बघून मधुच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्याचं पाणी अर्थात प्रोफेसर डंकनसाठी होतं. एका आत्याबाईंनी दोघांचं सांत्वन केलं.

"नवरीवर फार माया दिसते यांची," त्या शेजारणीला म्हणाल्या.

क्लिक एकदा होऊन भागलं नाही. चार झाले. तोवर विश्राम पंगतीत बसून दुसऱ्यांदा जिलबी घेत होते. शेवटी मोरूशेठ खुर्चीवरून उतरले, कोपऱ्यात गेले, सगळ्यांकडे पाठ केली आणि पिशवीतून निगेटिव्हची पट्टी काढून मधुच्या हातावर ठेवली. मधुने नारळ त्यांना दिला.

संध्याकाळी साडेसहाला दोघे पुन्हा स्टुडिओत होते. विश्रामनी लाल दिवा लावला, निगेटिव्ह यंत्रात घातली, पहिला कागद औषधाच्या पाण्यात सोडला. मधु नाक ट्रेच्या जवळ नेऊन बघत राहिला. हळूहळू कागदावर पेशी उमटली, मग तोंडाची पट्टी, मग एकेक करत चांदीच्या शेपट्या. मधुने मोठ्याने मोजायला सुरुवात केली.

"पाच, सहा, सात, आठ." तो थांबला. त्याने पुन्हा मोजल्या. "विश्रामदादा, नववा कुठाय?"

"कोन?"

"नववा तंतू. इथून असा तिरपा जातो. तुम्ही नक्की निगेटिव्हला ब्रश नाही ना लावलात?"

विश्रामना हे लागलं. "मास्तर, चालीस वरसं मी ह्या धंद्यात हाय. कनच्या फोटोत कनचा डाग घालवला ता माना झोपेत इचारा. तुमच्या जनावराला आठ शेपट्या व्हत्या. आठ घालवल्या, आठ आनल्या. नववी मी बगलीच नाय."

बाराही फोटो निघाले. बाराही ठिकाणी आठ. मधुची पाचावर धारण बसली. जो एकच तंतू बघायला माणूस सात समुद्र ओलांडून येत होता, नेमका तोच गैरहजर होता. त्याने आपल्या शबनममधून जुने फोटो काढले, केंद्राच्या यंत्रावर छापलेले. सर त्यातले फोटो नीट कापून, सगळ्या जंतूंची डोकी वर येतील असे फिरवून, पुठ्ठ्यावर चिकटवत. पण मधुला काही फेकवत नसे. न कापलेल्या कॉप्या त्याच्याकडे होत्या.

"हे बघा. हा. यात आहे. यातही आहे."

विश्रामनी फोटो हातात घेतले. एक पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मग त्यांनी सहा फोटो पत्त्यांसारखे एकावर एक ठोकून सारखे केले आणि पांढरा दिवा लावून त्यासमोर धरले.

"बगा आता."

मधुने पाहिलं. सहा जंतू सहा दिशांना तोंडं करून एकमेकांत मिसळून गेले होते, कुणाचंच काही धड दिसत नव्हतं. दिसत होती फक्त एक रेघ. सहाही फोटोंतली नववी रेघ अगदी एकावर एक बसली होती. तीच जागा, तोच तिरपेपणा, शेवटी तोच छोटा बाक.

"जनावर फिरतेय, पन शेपटी फिरत नाय," विश्राम म्हणाले. "ही शेपटी जनावराची नाय, मास्तर. तुमच्या मशीनची हाय. काचंत केस अरकलाय कोनाचा तरी, त्योच फोटोत पांढरा उमटतोय."

ती रात्र मधुने कशी काढली ते प्रमोदिनीलाच माहीत. शनिवारी सकाळी नऊ वाजता तो विश्रामना घेऊन केंद्रात हजर झाला. सर निळा सूट घालून खुर्च्या मोजत होते. भिंतीवर 'परजीवीच्या पेशीतील प्रथिनांचा नवा तंतू' असा इंग्रजी फलक लावला होता. मधुने नवे फोटो पुढे ठेवले आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं.

डॉ. निगुडकरांनी शांतपणे ऐकलं. मग ते विश्रामकडे वळले. "तुम्ही आर्टिस्ट ना? मग काढून द्या की. बारा फोटो, बारा रेघा. अकराला वेळ आहे."

"नाय जमनार, सायेब."

"का? डोळे काढता तुम्ही, आत्ताच ऐकलं."

"डोले मानसाला असतातच, मिटलेले ता उघरतो. आवो, येका नवऱ्याचा बाप लग्नाआदी गेलेला, त्याला मी फोटोत मांडवात उभा केला, फेटा बांधून." विश्रामनी हात जोडले. "पन त्यो बाप येके काली व्हता तरी."

 सर तरातरा अंधाऱ्या खोलीत गेले आणि त्यांनी स्वतःच यंत्राची निगेटिव्ह धरायची काच ओढून काढली. दोन काचांच्या मध्ये, तिरपा, शेवटी छोटा बाक असलेला, एक काळाभोर केस पडला होता.

 दाराशी जनाबाई झाडू घेऊन उभ्या होत्या. मग सर खुर्चीवर बसले आणि आश्चर्य म्हणजे त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"चौबळ, केस हासुद्धा प्रथिनाचाच तंतू असतो."

"हो, सर."

"म्हणजे फलक बदलायची गरज नाही. सापडला तो प्रथिनाचाच तंतू होता, फक्त परजीवीचा नव्हता. असं मांडता येईल." मग त्यांच्या लक्षात आलं की असं मांडता येणार नाही, आणि त्यांचा आवाज चढला. "पण हे यंत्र दोन वर्षं तुमच्या ताब्यात होतं. तुमच्या हलगर्जीपणामुळे माझं नाव आज धुळीला मिळणार. तुमची ऑर्डर मी टाइप करून ठेवली होती. ती फाडावी लागेल. हंगामी पत्रसुद्धा पुढे मिळेल असं धरून चालू नका."

मधुच्या डोळ्यांपुढून फ्रिज गेला, पलंग गेला, आणि ते मूल तर न येताच परत गेलं. "सर, पण माझा कसा असेल तो?" तो काकुळतीने म्हणाला आणि त्याने आपलं डोकं खाली झुकवलं. खिडकीतला उजेड त्यावर पडला. मुद्दा बिनतोड होता.

सरांनी जनाबाईंकडे पाहिलं. जनाबाईंचे केस कापसासारखे पांढरे होते. विश्रामचेही. मग केंद्रात काळे केस असलेलं एकच डोकं उरलं.

"असेल, माझाही असेल," सर चिडून म्हणाले. "माणसाचे केस गळतात. त्यात काय."

विश्राम इतका वेळ तो केस चिमटीत धरून बघत होते. "ह्यो केस नाय, सायेब," ते म्हणाले.

"मग काय आहे?"

विश्रामनी खिशातून काडेपेटी काढली. "केस जलला का घान वास येतो आनि राख व्हते. ह्यो बगा." त्यांनी पेटती काडी टोकाजवळ नेली. टोक आक्रसलं, मागे पळालं आणि तिथे एक टणक गोळी तयार झाली. केस जळल्याचा वास काही आला नाही. "नायलॉन हाय. आमची जाली आदी सुताची व्हती, मंग नायलॉनची आली. आली तवापासना जालून बगतोय मी. पन जाल्याचा नाय ह्यो, लय बारीक हाय." एवढं बोलून त्यांनी सरांच्या डोक्याकडे एकदाच पाहिलं, चाळीस वर्षांच्या धंद्याच्या नजरेने पाहिलं, आणि लगेच अतिशय सभ्यपणे छताकडे पाहायला सुरुवात केली.

तेव्हा मधुनेही पाहिलं. अकरा वर्षं जे डोकं तो रोज बघत होता, त्याचा भांग कुठे फुटत नव्हता. कानामागे एक बारीक कड होती. केस अकरा वर्षांत ना वाढले होते, ना कमी झाले होते. सरांचा टोप होता.

"जनाबाई, तो पंखा आधी बंद करा," डॉ. निगुडकर क्षीण आवाजात म्हणाले. पंखा मुळात चालू नव्हता. पण जनाबाई बटणापर्यंत जाऊन आल्या.

सरांनी एक हात डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने टेबलाचा खण उघडला. त्यातून टाइप केलेला कागद काढला, त्यावर सही केली, शिक्का मारला, शिक्क्यावर फुंकर घातली आणि कागद मधुपुढे सरकवला. "चौबळ, नायलॉनचं हे जे काही आहे," ते म्हणाले, "ते आपल्यातच राहू दे."

"कुणाला कळणार नाही, सर," मधु म्हणाला, आणि तो ते मनापासून म्हणाला.

अकरा वाजता प्रोफेसर डंकन आले. भाऊ त्यांच्या फिरायला जाणाऱ्या मंडळातले सात म्हातारे घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसले होते, कारण जंतू त्यांचे होते. डॉ. निगुडकर उभे राहिले आणि अजिबात न अडखळता त्यांनी सांगितलं की नववा तंतू नाही, हे या केंद्राने आज पुराव्यानिशी सिद्ध केलं आहे. फोटोंतली रेघ छपाईतली होती. ती कशामुळे आली यात जाण्याचं कारण नाही.

प्रोफेसर डंकन उठून उभे राहिले आणि त्यांनी सरांचे दोन्ही हात धरले. आपण हेच सांगायला एवढ्या लांबून आलो होतो आणि वाईट कसं दिसेल याची चिंता विमानात सबंध वेळ करत होतो, असं ते म्हणाले. आपली चूक स्वतः भर सभेत सांगणारा संचालक त्यांना आजवर भेटला नव्हता. निघताना भाऊंनी त्यांना आतल्या खिशातून एक डोळेवाला फोटो काढून भेट दिला, मागे सही करून. तो त्यांना सगळ्यात जास्त आवडला.

पंधरा दिवसांनी घरी फ्रिज आला. त्याच दिवशी विश्राम येऊन कल्याणच्या लग्नाच्या फोटोची एक कॉपी देऊन गेले, आठवण म्हणून. नवरीच्या शेजारी नारळ घेऊन मधु उभा होता, डोळे भरलेले. आणि टकलाच्या जागी विश्रामनी प्रेमाने, एकेक करून, भरघोस काळे केस काढले होते.

प्रमोदिनी फोटो बघून हसत सुटली. "अगदी निगुडकरांच्या टोपासारखे दिसतायत हो."

मधुच्या हातातला बर्फाचा ट्रे खाली पडला. पंधरा दिवस त्याने कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता. झोपेत बडबड होईल म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपत होता. "टोप? तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? जनाबाई कामाला लागल्या त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. सर तो खिडकीत वाळत घालतात म्हणे, दर शनिवारी."

"मी तर त्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसालाच ओळखलं होतं," भाऊ फ्रिजचं दार उघडून आत बघत म्हणाले. "मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. डेपोतल्या कंडक्टरांनासुद्धा."

"मग अकरा वर्षांत मला का नाही कुणी सांगितलं?"

प्रमोदिनीला प्रश्नच कळला नाही. "अहो, तुम्ही रोज त्यांच्यासमोर बसता," ती म्हणाली. "इतकं बारीक बारीक बघायची तुमची नोकरी. मला वाटलं, दिसलंच असेल."

मधुने खाली वाकून बर्फ गोळा करायला घेतला.